सिंहगडाकडे तोंड करून

पुण्यात पत्ता सांगण्याच्या पुष्कळ तऱ्हा आहेत. कोणी मारुतीवरून सांगतो, कोणी गणपतीवरून सांगतो, आणि कोणी 'पूर्वी इथे एक दुकान होते' असे म्हणून विचारणाराने जन्मात न पाहिलेल्या दुकानावरून सांगतो. पूर्व-पश्चिम मात्र कोणी सांगत नाही. आमच्या घरात याला एका दिशेचा अपवाद होता. ती दिशा नैऋत्य. तिला नैऋत्य असे आम्ही कधी म्हटले नाही. 'सिंहगडाकडे' असेच म्हणत असू. 'थोडी सिंहगडाकडे घे', 'फार झाली, जरा पर्वतीकडे आण' असला संवाद माझ्या लहानपणी नारायण पेठेत आत्याच्या वाड्याच्या गच्चीवर आठवड्यातून दोनदा तरी होई.

घ्यायची आणि आणायची ती अर्थातच टेलिव्हिजनची अँटेना. उंच लोखंडी नळीवर आडवी बसविलेली, माशाच्या काट्यासारखी दिसणारी ती अल्युमिनियमची वस्तू हल्लीच्या मुलांना सांगून कळत नाही. पण १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत पुण्यातल्या कोणत्याही गच्चीवर उभे राहिले, की कौलांवर, पत्र्यांवर, कठड्यांवर या काट्यांची दाटी दिसे आणि त्या दाटीत एक विलक्षण शिस्त असे. पुणेकरांचे दोन गोष्टींवर एकमत होत नाही असा त्यांचा लौकिक आहे. त्यांच्या अँटेना मात्र झाडून साऱ्या, पर्वती डाव्या हाताला टाकून, सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत. स्वच्छ दिवशी गडावरचा मनोरा काडीएवढा दिसे आणि रात्री त्याचा तांबडा दिवा.

याचे कारण असे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसावेत म्हणून सिंहगडावर प्रक्षेपणाची सोय करण्यात आली. दिल्लीत हा खेळ १९५९ पासून प्रयोगादाखल चालू होता. पण कलकत्ता आणि मद्रास या शहरांनासुद्धा १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. पुण्याला टेलिव्हिजन कलकत्त्याच्या आधी आला, ही गोष्ट पुणेकर फारशी सांगत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. एरवी आपण याहून लहान गोष्टींवर व्याख्यानमाला काढतो!

गडच का, याचेही उत्तर सोपे आहे. या लहरी उजेडासारख्या सरळ जातात. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगर ओलांडतात, तशा या ओलांडीत नाहीत. मध्ये डोंगर आला, की चित्र गेले. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये तर सबंध सह्याद्री उभा. तेव्हा जिथून पुणे उघडे दिसते असे उंच ठिकाण हवे. आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४३०० फूट उंचीचा, पुण्याहून तीसेक किलोमीटरवर असलेला हा गड त्या कामाला जणू बांधून ठेवलेला होता.

मी वर्गात सभासदाची बखर शिकवते, तेव्हा या ठिकाणी मला थोडे थांबावे लागते. १६७० च्या माघात तानाजी मालुसरे पडले आणि गड मिळाला. ती बातमी राजगडावर महाराजांना कशी कळली? सभासद सांगतो, की मावळ्यांनी गडावरच्या पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. दोन उंच जागा, मध्ये आडोसा नाही, एकीकडे उजेड आणि दुसरीकडे त्याची वाट पाहणारा डोळा. १९७३ साली गडावर जे यंत्र बसले त्याचे तत्त्व याहून निराळे नव्हते. त्या रात्रीचा उजेडही परगण्यातल्या साऱ्यांनाच दिसला असेल. ज्याला अर्थ कळला त्याला बातमी कळली, बाकीच्यांना नुसता जाळ.

आत्याच्या घरी टेलिव्हिजन आला तो आमच्या जन्माआधी. आतोबांनी तो घेतला, तेव्हा वाड्यात तो एकटाच होता. लाकडी पेटी, तिला दोन्हीकडून सरकणारे दार आणि दाराला कुलूप. 'चिमणराव' लागला, की वाड्यातली अकरा बिऱ्हाडे त्या दोन खोल्यांत मावत, असे आत्या सांगते. कशी मावत हे सांगत नाही. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकातून उठून दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने समोर चालू लागले, याचे तिला अजून कौतुक आहे. पुण्याचीच स्मिता पाटील नावाची मुलगी सिनेमात जाण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असे, तेव्हा 'आपली मुलगी' म्हणून वाड्यातल्या बायका बातम्यांनाही येऊन बसत. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम. पण नारायण पेठेत ज्यांच्या मालकीची एक कुंडी नव्हती अशी माणसे उसावरच्या रोगाची चर्चा शेवटपर्यंत ऐकत. दुसरे काही नव्हतेच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण त्यामुळे आम्हां पेठेतल्या माणसांना उसाला रोग पडतो एवढे तरी कळले.

आमच्या वाट्याला आला तो 'रामायण'-'महाभारता'चा काळ. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी लक्ष्मी रस्त्यावर चिटपाखरू दिसेनासे झाले. माझे काम त्याआधी अर्धा तास सुरू होई. मी अंगाने हलकी, म्हणून गच्चीवर चढून अँटेना धरण्याचा मान माझा. खाली आत्या संचासमोर, जिन्यात माझा भाऊ आणि खिडकीत आतोबा. 'मुंग्या आहेत का?' असे मी वरून विचारायचे, भावाने ते जिन्यातून खाली पोचवायचे, आत्याने उत्तर द्यायचे आणि आतोबांनी ते खिडकीतून मला ओरडून सांगायचे. 'आलं, आलं... राहू दे, हात नको काढूस!' हात काढला, की चित्र जाई. मुंबईहून सिंहगडापर्यंत चित्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येई. संचापासून गच्चीपर्यंत बातमी यायला मात्र तीन माणसे लागत, आणि ती वाटेत हमखास बिघडे.

कधी अँटेनेवर कावळा बसून सीता तिरपी होई. कधी शेजारच्या इमारतीवरून परावर्तन होऊन प्रत्येक माणसामागे त्याचे पुसट भूत उभे राही. रावणाला त्यामुळे वीस तोंडे होत. कधी मुंबईकडेच काही होऊन पडद्यावर 'व्यत्यय' ही अक्षरे उमटत. हा शब्द आम्ही शाळेच्या आधी टेलिव्हिजनवर शिकलो. आज माझ्या विद्यार्थ्यांना तो लिहिता येत नाही, त्याचे एक कारण हेही असावे, की त्यांनी तो कधी भोगलेला नाही.

हे सगळे फुकट होते का? सुरुवातीला नव्हते. आतोबांच्या नावाचा टेलिव्हिजनचा परवाना होता. पोस्टात जाऊन दरसाल पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सरकारने ही पद्धत बंद केली. आतोबांना फार आनंद झाला. त्या दिवसापासून टेलिव्हिजन पावसासारखा झाला. ज्याच्याजवळ भांडे असेल त्याने धरावे. कोणी नाव विचारीत नाही, किती धरले ते मोजीत नाही. ते परवान्याचे पुस्तक आत्याने पितळी डब्यात जपून ठेवले आहे. त्याचा उपयोग मला पुष्कळ वर्षांनी कळला.

१९८३ साली सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहाच्या आधाराने देशभर लहानमोठी प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली. १९८४ मध्ये एक काळ असा होता, की रोज एक केंद्र सुरू होई. पुढे ती चौदाशेच्या घरात गेली. आणि नेमक्या त्याच सुमारास अँटेनेची सद्दी संपत आली. १९९१-९२ नंतर केबल आली. एका काळ्या वायरीने वाडे, चाळी, सोसायट्या शिवून टाकल्या. २०१३ साली पुण्यातल्या केबललाही डबा सक्तीचा झाला. गच्चीवरच्या अँटेना कोणी काढल्या नाहीत, त्यांच्याकडे बघणे फक्त सोडून दिले. त्या वाकल्या, गंजल्या, त्यांच्यावर पतंगांची शेपटे अडकली. पुण्याने सिंहगडाकडची मान हळूच वळविली, आणि वळविली हे त्याचे त्यालाही कळले नाही.

आत्याने वळविली नाही. आतोबा गेल्यावर तिने लाकडी पेटी मोडीत काढून साधा रंगीत संच घेतला आणि तो जुन्याच अँटेनेला लावला. केबलवाल्याला तिने दारातून परत पाठविले. 'महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे, आणि बघायचं काय, तर जरीच्या साड्या नेसून झोपणाऱ्या बायका?' असा तिचा सवाल होता, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिला हव्या होत्या संध्याकाळच्या सातच्या मराठी बातम्या. त्यातही प्रदीप भिडे यांनी सांगितलेली बातमी तिला अधिक खरी वाटे. दिवेलागणीला देवापाशी निरांजन, मग संचाचे बटण, मग कुकर. हा क्रम तिने कित्येक वर्षे मोडला नाही, आणि त्यात कोणाची मदत तिला लागली नाही.

करोनाच्या आगेमागे एका संध्याकाळी तिचा फोन आला. 'अगं, मुंग्या आल्यात.'

मी म्हटले, 'वारा सुटला असेल, आत्या. अँटेना हलली असेल.'

'वर जाऊन बघून आले. आहे तशी आहे. सिंहगडाकडेच आहे.'

ऐंशी वर्षांची बाई जिना चढून, गच्चीवर जाऊन, नळी हाताने चाचपून आली होती. मी शनिवारी येते म्हणून सांगितले. तोवर तिने एका दुरुस्तीवाल्याला बोलावून आणले. त्याने संच उघडून पाहिला, आत धुळीशिवाय काही दोष नाही असे सांगितले आणि येण्याजाण्याचे पैसे घेतले. शनिवारी मी गेले तेव्हा मुंग्या तशाच चालल्या होत्या आणि आत्या त्यांच्यासमोर बसली होती. सातला पाच कमी होते.

आता कबुली द्यायची, तर मला काय झाले आहे ते तिथे उभ्याउभ्याच कळले. मी ते वर्तमानपत्रात वाचलेले होते. जमिनीवरची जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे प्रसार भारतीने २०१८ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली होती आणि २०२२ पर्यंत ती जवळजवळ सगळी बंद झाली; मोक्याच्या जागची पन्नासएक तेवढी ठेवायची असे ठरले. कारणे चुकीची होती असे मला म्हणता येणार नाही. बघणारे फार थोडे उरले होते. यंत्रे जुनी झाली होती. ही केंद्रे मिटल्याने वर्षाला सुमारे शंभर कोटी रुपयांचा खर्च वाचतो, असे प्रसार भारतीने सांगितले. त्या लहरींची जागा नव्या कामांना मोकळी होते, हेही खरे. दूरदर्शन बंद झालेले नव्हतेच. ते उपग्रहावरून पूर्वीसारखेच येत होते. ही बातमी मी चहाबरोबर वाचली, 'बरोबरच आहे' असे मनाशी म्हटले आणि पान उलटले. आत्या माझ्या मनातही आली नाही. सगळ्या कुटुंबात अँटेनेवर बघणारे एकच माणूस होते, ते माझ्या रोजच्या बोलण्यातले होते, आणि मी त्याला सांगितले नाही.

मग सांगायचे कोणी? या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. इंग्लंडात ही जुनी पद्धत २०१२ साली पुरती मिटली, तेव्हा पंच्याहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांच्या घरी माणूस पाठवून नवा डबा बसवून देण्याची योजना आधीच आखलेली होती. अमेरिकेत १२ जून २००९ ही तारीख ठरली होती, आणि डबा घेण्यासाठी घरोघर चाळीस डॉलरची कुपने मागवता येत होती. आपल्याकडे तसे का नाही, असे म्हणायला मी तोंड उघडले आणि आत्याचा पितळी डबा आठवला. इंग्लंडात टेलिव्हिजनचा परवाना अजून आहे. कोणत्या घरात संच आहे याची तिथे वही आहे. आपण ती वही चाळीस वर्षांपूर्वी आनंदाने बंद केली. केबलवाल्याजवळ गिऱ्हाइकांची यादी असते, मोबाइलवाल्याजवळ असते, पैसे भरायचे राहिले तर ते दिवसातून तीनदा आठवण करतात. सिंहगडावरच्या मनोऱ्याजवळ मात्र कोणाचीच यादी नव्हती. तो नाव न विचारता देत होता. त्याचे मोठेपण तेच होते. आणि म्हणूनच देणे थांबले, तेव्हा निरोप कोणाला पाठवायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याचे नाव कोणत्या वहीत नाही, त्याचे नुकसान तरी कोणत्या वहीत लिहायचे?

अपराधाचे परिमार्जन म्हणून मी डिश आणायचे ठरविले. दूरदर्शनचीच 'फ्री डिश' नावाची सोय २००४ पासून आहे. थाळी आणि डबा यांचे एकदाच दीडदोन हजार रुपये द्यायचे, मग महिन्याचे काही नाही. देशात चार कोटींहून अधिक घरांत ती असावी असा अंदाज करतात. म्हणजे फुकटचा टेलिव्हिजन संपला असे रडणे खोटे आहे. त्याने गडावरून आकाशात बिऱ्हाड हलविले, एवढेच. थाळी बसवायला एक चुणचुणीत मुलगा आला. गच्चीवर जाऊन त्याने मोबाइलमधले होकायंत्र काढले. मी सवयीने सिंहगडाकडे बोट दाखविले. तो हसला. 'तिकडे नाही, मॅडम. आग्नेयेला.' तो उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, पुण्याच्या दृष्टीने आग्नेयेकडे असतो. आणि आत्याच्या वाड्याच्या आग्नेयेला, भिंतीला भिंत लावून, चार वर्षांपूर्वी अकरा मजली इमारत उभी राहिली आहे. मुलाने गच्चीच्या चारही कोपऱ्यांत उभे राहून पाहिले, कठड्यावर चढून पाहिले, आणि खाली येऊन आत्याला सांगितले, 'आजी, तुमच्या गच्चीला आकाशच नाही.'

आत्या म्हणाली, 'सिंहगडाकडे आहे की थोडं.'

सिंहगडाकडे खरोखरच थोडे होते. दोन इमारतींच्या मधली हातभर फट. पण तिकडून आता चित्र येत नव्हते.

केबलचे पैसे मी भरीन असे म्हटले, तर ती म्हणाली, 'तू भरशील गं. पण मग बघणं तुझ्या जिवावर होईल.' मोबाइल आणून दिला. त्यात सह्याद्री वाहिनीच्या बातम्या लागतात, हव्या तेव्हा लागतात. पण तिच्या बोटाला तो काचेचा पडदा दाद देत नाही. बातम्यांच्या जागी कोणी तरी वांग्याचे भरीत करायला लागते. मी गेले म्हणजे लावून देते. 'तू लावून दिलंस म्हणजे लागतं,' एवढेच ती म्हणते. तिच्या बोलण्यात तक्रार नसते, पण मला ती ऐकू येते. बटण दाबले की मुंबई समोर येई आणि त्यासाठी भाचीची वाट पाहावी लागत नसे, हे तिचे गेले होते. २०२२ च्या जूनमध्ये प्रदीप भिडे गेले. ती बातमी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याकडून कळली.

मागल्या मार्गशीर्षात ती एकदम म्हणाली, 'मला तो मनोरा एकदा जवळून दाखव.' जन्मभर पुण्यात राहून, आणि एवढी वर्षे तोंड तिकडे करून, ती सिंहगडावर गेलीच नव्हती. पुण्यात हे नवल नाही; पर्वती न चढलेले पुणेकरही मला ठाऊक आहेत.

आम्ही सकाळी मोटार केली. विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा. एके काळी इथे शेते होती असे म्हणण्याचा मोह मी आवरला, कारण ते आत्याच म्हणत होती. खडकवासल्याच्या धरणावर थोडे थांबलो. पाण्यावर बदके होती आणि काठावर भाजलेल्या मक्याचा धूर. डोणज्यावरून घाट लागला. आत्या खिडकीतून मनोरा शोधीत होती, आणि गंमत अशी, की जसजसे जवळ जावे तसतसा तो डोंगराआड दडे. पुण्यातून काडीएवढा का होईना, नीट दिसे. पायथ्याशी दिसेना.

वर मोटार थांबते तिथून पुणे दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत. तीन दरवाजे एकापाठोपाठ एक. आत्या प्रत्येक दरवाजात बसली, प्रत्येक ठिकाणी मातीच्या मडक्यातले दही घेऊन बसलेल्या बाईशी बोलली. तिसऱ्या दरवाजापुढे जी दहीवाली होती, ती पाठीमागच्या एका वाडीतली, गडाच्या पलीकडच्या उतारावरची. आत्याने तिला विचारले, 'तुमच्याकडे काय, अगदी छान दिसत असेल टीव्ही? मनोरा तर डोक्यावर.'

बाई हसायला लागली. 'कुठलं, आजी! आमची वाडी कड्याच्या बुडाला. इथनं सगळं वरच्या वर पुण्याला जायचं. आमच्यात निस्त्या मुंग्या. माणूस दिसायचं न्हाई, नुसतं बोल्यालं ऐकू यायचं.'

'मग आता?'

'आता थाळी हाय की. फुकटची. पन्नास-साठ दिसत्यात. पोरं सोडत न्हाईत.' आणि मग तिने सहज विचारले, 'तुमच्यात न्हाई व्हय थाळी? पुण्यात?'

आत्या म्हणाली, 'आमच्यात आकाश नाही, बाई.'

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी हा लेख मनात रचीत गडावर आले होते, आणि त्यात फुकटचे सार्वजनिक चित्र, सर्वांना सारखे, गरिबाला श्रीमंताला सारखे, अशी वाक्ये तयार होती. ती मला त्या तिसऱ्या दरवाजात टाकून द्यावी लागली. पावसासारखे होते ते खरे. पण पाऊसही डोंगराच्या एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला पडत नाही. जे आमच्या पेठेला पन्नास वर्षांपूर्वी मिळाले, ते गडाच्या बुडाशी राहणाऱ्या या बाईला आत्ता मिळाले आहे, आणि ते ज्याने दिले त्यानेच आत्याचे नेले. नेले हेही त्याला ठाऊक नाही. नुकसान खेड्यात शोधायला जावे आणि ते शहराच्या मध्यभागी, अकरा मजल्यांच्या सावलीत सापडावे, असे झाले.

मनोरा कुंपणाच्या आत आहे. आम्ही कुंपणाबाहेर उभ्या राहिलो. जवळून तो पुष्कळ मोठा आणि अगदी साधा. लोखंडाच्या कैच्या एकावर एक चढविलेल्या, आणि त्यांतून वारा वाजत होता. जवळच लोकमान्यांचा बंगला, पलीकडे राजाराम महाराजांची समाधी, त्यापलीकडे तानाजीचे स्मारक. शाळेची सहल आली होती आणि मुले देवटाक्याचे गार पाणी पीत होती. मनोऱ्याकडे कोणी पाहत नव्हते. आत्या मात्र बराच वेळ मान वर करून पाहत राहिली. मग वळून तिने पुण्याकडे पाहिले. खाली धरणाचे पाणी चकाकत होते आणि त्यापलीकडे शहर धुरकट, नुसता पांढुरका पट्टा. पर्वती मी तिला अंदाजाने दाखविली.

'आपला वाडा?'

'तिच्या डाव्या अंगाला कुठे तरी. दिसणार नाही, आत्या.'

'बरोबर आहे. इथून कुठला दिसायला,' ती म्हणाली. थोडे थांबून म्हणाली, 'आणि एवढ्या लांब ते सगळं यायचं. एवढ्या लांबून यायचं, आणि आपण म्हणायचो, मुंग्या आल्या.'

येताना आम्ही पिठले-भाकरी खाल्ली. कांदा भजी तिने माझ्या ताटातली घेतली.

वाडा आता नव्याने बांधायला द्यायचे चालले आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला; गच्चीवरच्या नळीचे आणि काट्याचे त्याने बरे पैसे सांगितले. आत्याने ती दिली नाही. अँटेनेच्या नळीला तिने दोरी बांधली आहे आणि तिच्यावर ती लुगडे वाळत घालते. माझ्या भावाने एकदा सुचविले, की निदान काटा तरी काढून टाकू, वाऱ्याने कोणाच्या अंगावर पडेल. ती म्हणाली, 'पडायचा नाही. तुझ्या आतोबांनी बसवलाय.'

मी आता शनिवारी जाते, आणि बुधवारीही जाते. जाते तेव्हा सातच्या बातम्या लावून देते. उरलेल्या पाच दिवशी, साधारण सातच्या सुमारास, तिचा फोन येतो. ती लुगडे काढायला गच्चीवर गेलेली असते. दोन इमारतींच्या फटीतून तेवढे एक दिसते. पूर्वी ती मला फोनवर दिवसभराच्या बातम्या सांगत असे. आता एकच सांगते.

'दिवा लागला गं सिंहगडावर,' म्हणते, आणि फोन ठेवते.